न बदलणाऱ्या भागाचा शोध
(एका स्मृती व्याख्यानमालेत फ्लूच्या नव्या लसींविषयी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी कुठल्याही तापाला ‘साधा ताप’ म्हणून कधी परत पाठवले नाही. त्यांच्या नावाने बोलायचे, तर विषय तसाच हवा. म्हणून मी आज फ्लूविषयी बोलणार आहे. हा आजार आपण सर्रास अंगावर काढतो. दोन दिवस अंग मोडून येते, घसा धरतो, काढा घेतो, गोळी घेतो आणि कामाला लागतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हंगामी फ्लू दरवर्षी सुमारे १०० कोटी लोकांना गाठतो, ३० ते ५० लाख लोक त्याने गंभीर आजारी पडतात आणि श्वसनाच्या गुंतागुंतीने २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसे दगावतात. महासाथ नसलेल्या वर्षांचे हे आकडे आहेत.

माझे म्हणणे आरंभीच सांगते. गेली ऐंशी वर्षे आपण विषाणूच्या बदलत्या भागामागे धावणाऱ्या लसी बनवत आलो. आता त्याच्या न बदलणाऱ्या, किंवा फार कमी बदलणाऱ्या भागाला ओळखायला शरीराला शिकवणाऱ्या लसी आकाराला येत आहेत. अशा लसीची गरज साऱ्या जगाला आहे; पण दरवर्षी प्रौढांना लस देण्याची सवय आणि यंत्रणा ज्यांच्याकडे नाही, त्या आपल्यासारख्या देशांना ती सर्वांत जास्त आहे. म्हणून तिची वाट पाहत बसू नये, ती घडवण्यात आपला वाटा असावा.

या आजाराची ताकद काय असते, ते मुंबईने पाहिले आहे. १९१८ च्या जूनमध्ये गोदीवर पहारा देणारे पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि रुग्णालयात दाखल झाले. पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांची जहाजे त्या गोदीला लागत होती. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली ती काळ होऊनच. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मृत्यू सर्वांना सारखा भेटला नाही. शहरातल्या युरोपीय रहिवाशांमध्ये हजारी ८ च्या आसपास माणसे गेली. ज्यांना त्या काळचे अहवाल खालच्या जातींतले हिंदू म्हणत, त्यांच्यात हजारी ६१ हून अधिक. दाटीच्या चाळी, अपुरे अन्न, शुश्रूषेचा अभाव, यांचा हिशेब या दोन आकड्यांत आहे. रेल्वेने साथ देशभर गेली. भारतात सव्वा ते दोन कोटी माणसे दगावली असावीत, असे अभ्यासकांचे अंदाज आहेत. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा मागच्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसली.

त्या वेळी डॉक्टरांना शत्रूच ठाऊक नव्हता. फायफर यांनी शोधलेला एक जिवाणू फ्लूचे कारण मानला जाई. खरे कारण हाती लागले ते १९३३ मध्ये. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी लंडनमध्ये रुग्णाच्या घशातला द्राव गाळून फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला दिला, आणि जिवाणू अडकून राहतील अशा गाळणीतून पार झालेल्या द्रावानेही त्याला फ्लू झाला. माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला. पुढे मॅकफार्लेन बर्नेट यांनी तो कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवण्याची रीत रूढ केली. अमेरिकेत थॉमस फ्रान्सिस आणि त्यांचे तरुण सहकारी जोनास साल्क यांनी, होय, पुढे पोलिओची लस करणारे तेच साल्क, मृत विषाणूंची लस तयार करून १९४३ मध्ये सैनिकांवर तपासली. ती उपयोगी पडली. १९४५ मध्ये तिला परवाना मिळाला. आणि १९४७ मध्ये तीच लस जवळजवळ निष्फळ ठरली. लसीत काही बिघाड नव्हता. दरम्यान विषाणू बदलला होता.

फ्लूच्या लसीचा पुढचा सगळा इतिहास या १९४७ च्या धड्यातून निघाला.

विषाणू बदलतो म्हणजे नेमके काय होते? फ्लूच्या विषाणूची जनुके आरएनएच्या आठ सुट्या तुकड्यांत असतात. त्यांची नक्कल करणारे विकर चुका तपासत नाही. त्यामुळे प्रत्येक पिढीत बारीकसारीक फेरफार होत राहतात. एखादा फेरफार शरीराच्या प्रतिपिंडांना, म्हणजे अँटिबॉडींना, चुकवणारा निघाला, की तो विषाणू फोफावतो. हा सावकाश होणारा बदल. दुसरा बदल अचानक होतो. माणसाचा आणि पक्ष्याचा विषाणू एकाच प्राण्यात, उदाहरणार्थ डुकरात, एकाच वेळी शिरले, तर आठ तुकड्यांची अदलाबदल होऊन नवाच विषाणू जन्मतो. १९५७ चा एच२एन२ आणि १९६८ चा एच३एन२ असेच आले. २००९ च्या ‘स्वाइन फ्लू’त तर डुक्कर, पक्षी आणि माणूस या तिघांकडून आलेले तुकडे एकत्र होते.

नावांतले एच आणि एन हे विषाणूच्या पृष्ठभागावरचे दोन प्रथिन-रेणू आहेत. एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन. तो पेशीला चिकटतो आणि विषाणूला आत शिरवतो. एन म्हणजे न्यूरामिनिडेज; तो तयार झालेल्या नव्या विषाणूंना पेशीपासून सोडवतो. ‘ए’ गटातल्या विषाणूंत एचचे अठरा आणि एनचे अकरा प्रकार चांगले परिचित आहेत. त्यातले बहुतेक पाणपक्ष्यांत नांदतात. माणसांत सध्या दरवर्षी फिरतात ते एच१एन१, एच३एन२ आणि ‘बी’ गटातला व्हिक्टोरिया.

या बदलांवर नजर ठेवायला १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचे जाळे काम करते. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, आपली एनआयव्ही, तिची सुरुवातही १९५२ चीच, या जाळ्यातले भारताचे केंद्र आहे. देशोदेशींची केंद्रे रुग्णांचे नमुने तपासतात आणि वर्षातून दोनदा तज्ज्ञ एकत्र बसून पुढच्या हंगामात कोणते विषाणू फिरतील याचा अंदाज बांधतात: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. त्यानंतर कोट्यवधी अंड्यांत ते विषाणू वाढवून लस भरायला सुमारे सहा महिने लागतात. तेवढ्या काळात विषाणू थांबून राहत नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत निवड झाली आणि थोड्याच आठवड्यांत एच३एन२ ची वेगळी शाखा डोके वर काढू लागली. त्या हिवाळ्यात अमेरिकेत लसीची परिणामकारकता १९ टक्क्यांवर आली. अंदाज बरोबर ठरला तरी ती साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या आत-बाहेर राहते. शिवाय अंड्यात वाढताना विषाणू अंड्याला जुळवून घेतो आणि त्यातही त्याचे रूप थोडे पालटते.

मी ही लस घेऊ नका असे म्हणत नाही. साठी ओलांडलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, दमा, मधुमेह, हृदयविकार असणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी. आजार टळला नाही तरी रुग्णालय आणि मृत्यू टळण्याची शक्यता तिने वाढते. पण ही पद्धत ज्या देशांत घडली तिथे फ्लूचा हंगाम एक, हिवाळ्याचा. आणि शरद ऋतूत लस टोचून घेण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. आपल्याकडे पाहा. एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या नोंदींचा अभ्यास करून २०१५ मध्ये दाखवून दिले, की भारताच्या बहुतेक भागांत फ्लूचा भर पावसाळ्यात असतो आणि श्रीनगरसारख्या ठिकाणी हिवाळ्यात. कित्येक शहरांत जानेवारी ते मार्च असा दुसरा उठावही दिसतो. म्हणजे आपण आहोत उत्तर गोलार्धात, पण बहुतेक ठिकाणी लस द्यायला हवी एप्रिल-मेमध्ये. एकच देश, दोन वेळापत्रके, आणि लसीचे संरक्षण काही महिन्यांत ओसरणारे.

आणि लस घेतो कोण? सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात फ्लूची लस नाही. खासगी दवाखान्यात तिला हजार रुपयांहून अधिक मोजावे लागतात, तेही दरवर्षी. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये गरोदर स्त्रिया आणि जोखमीच्या रुग्णांना ती मोफत देण्याचे पाऊल उचलले, ते स्तुत्य होते. त्या एकाच वर्षी देशात एच१एन१ चे ४२ हजारांहून अधिक रुग्ण आणि जवळपास ३ हजार मृत्यू नोंदले गेले. एखाद्या वाडीवरच्या शेतमजूर बाईने दर एप्रिलमध्ये न चुकता लस घ्यावी, ही अपेक्षा कागदावर ठीक आहे. तिला पाच-दहा वर्षांतून एकदा घ्यावी लागणारी आणि विषाणू बदलला तरी उपयोगी पडणारी लस हवी.

अशी लस शक्य आहे का? याचे उत्तर हिमॅग्लुटिनिनच्या रचनेत आहे. १९८१ मध्ये इयन विल्सन, जॉन स्केहेल आणि डॉन वायली यांनी या रेणूचा त्रिमिती आराखडा उलगडला. तो डोळ्यांसमोर आणायचा तर ज्वारीचे ताट आठवा. वर भरगच्च कणीस, खाली धांडा. कणीस म्हणजे रेणूचे शीर्ष. ते आपल्या पेशीवरच्या शर्करेला पकडते. त्याच्या पृष्ठभागावर बरेच फेरफार झाले तरी पकडण्याचे काम बिघडत नाही. धांडा म्हणजे देठ. विषाणू पेशीच्या आत ओढला गेला आणि भोवती आम्लता वाढली, की हा देठ झटक्यात उलगडतो, विषाणूचे आवरण पेशीच्या पटलाशी जोडतो आणि जनुकांना वाट करून देतो. हे काम इतके नाजूक आहे की देठात फार ढवळाढवळ विषाणूलाच परवडत नाही. म्हणून तो वर्षानुवर्षे, किंबहुना वेगवेगळ्या उपप्रकारांतही, बराचसा सारखा राहतो. पण पाखरांची झड कणसावर पडते, धांड्याकडे कुणी पाहत नाही. आपली रोगप्रतिकारशक्तीही तशीच शीर्षावर तुटून पडते आणि देठाविरुद्ध फारच थोडे प्रतिपिंड तयार करते. हंगामी लसही शीर्षच पुढे करते. आणि शीर्षच तर दरवर्षी बदलते.

१९९३ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी उंदरांत एक प्रतिपिंड शोधला, सी१७९ नावाचा. तो एच१ आणि एच२ अशा दोन वेगळ्या उपप्रकारांना निष्प्रभ करत होता आणि देठाला चिकटत होता. नव्या लसीचे बीज त्यात होते. पण पुढची पंधरा वर्षे त्याच्याकडे फारसे कुणी वळले नाही. २००८-०९ मध्ये माणसांच्या रक्तातून तसेच प्रतिपिंड वेगळे काढले गेले तेव्हा जग जागे झाले. २०११ मध्ये अंतोनियो लान्झाव्हेकिया यांच्या गटाने ‘ए’ गटातल्या तेव्हा माहीत असलेल्या सर्व एच प्रकारांना ओळखणारा एफआय६ सापडल्याचे जाहीर केले. पाठोपाठ ‘ए’ आणि ‘बी’ दोन्हींना चिकटणारा सीआर९११४ आला. माणसाचे शरीर असे प्रतिपिंड करू शकते, हे आता निर्विवाद होते. प्रश्न उरला एवढाच: ते पुरेसे आणि हमखास कसे करवून घ्यायचे?

याचा एक धागा २००९ च्या महासाथीतून आला. पुणेकरांना ते दिवस विसरता येणार नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. शाळा, चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, चौकाचौकांत मास्क विकले जाऊ लागले. प्लेगच्या वेळी १८९७ मध्ये केलेला साथरोग कायदा शतकभरानंतर पुन्हा लावावा लागला. त्याच साथीतून बरे झालेल्या अमेरिकेतल्या रुग्णांचे रक्त अटलांटाच्या एमरी विद्यापीठात तपासले गेले. त्या गटात हैदराबादेत जन्मलेले रफी अहमद हे प्रमुख शास्त्रज्ञ होते. २०११ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष असे, की या रुग्णांच्या अनेक प्रतिपिंडांचा रोख देठाकडे होता. कारण समजण्यासारखे आहे. नव्या विषाणूचे शीर्ष शरीराला अनोळखी होते, देठ मात्र जुन्या एच१ च्या ओळखीचा. शीर्षाची स्मृती नसल्यामुळे देठाच्या स्मृतिपेशींना संधी मिळाली आणि त्या वाढल्या.

ही स्मृती किती खोलवर असते, हे थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० मध्येच मांडले होते. लहानपणी पहिल्यांदा भेटलेल्या फ्लूचा ठसा शरीरावर जन्मभर राहतो. २०१६ मध्ये केटलिन गोस्टिक, मायकेल वोरोबे आणि सहकाऱ्यांनी बर्ड फ्लूच्या रुग्णांची जन्मवर्षे पाहून दाखवले, की १९६८ पूर्वी जन्मलेल्यांना एच५एन१ पासून आणि नंतर जन्मलेल्यांना एच७एन९ पासून बरेच संरक्षण असते. ‘ए’ गटातल्या एच प्रकारांची दोन घराणी आहेत. बालपणी ज्या घराण्याचा विषाणू भेटला, त्याच घराण्याशी पुढे सामना सोपा जातो. म्हणजे व्यापक संरक्षण निसर्गात आहे. लसीने ते प्रत्येकाला मिळवून द्यायचे आहे.

त्यासाठी आज चार-पाच वाटांनी काम चालू आहे.

पहिली वाट शीर्ष काढून टाकण्याची. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या लस संशोधन केंद्राने एच१ चा नुसता देठ घेतला. शीर्षावाचून तो विस्कटतो, म्हणून रचना बांधून घेतली आणि फेरिटिन या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म गोलावर असे आठ देठ बसवले. २०१५ मध्ये प्राण्यांत यश मिळाले, २०१९ मध्ये माणसांवरची चाचणी सुरू झाली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष आले. ५२ निरोगी प्रौढांत लस सुरक्षित ठरली, देठाविरुद्ध प्रतिपिंड तयार झाले, एच१ च्या नात्यातल्या इतर उपप्रकारांनाही ते ओळखत होते आणि वर्षाहून अधिक काळ टिकले.

दुसरी वाट २००९ चा धडा जाणूनबुजून गिरवण्याची. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई संस्थेत पीटर पालेसी, फ्लोरियन क्रॅमर आणि अडोल्फो गार्सिया-सास्त्रे यांनी एच१ च्या देठावर माणसाला अनोळखी अशी पक्ष्यांच्या विषाणूंची शीर्षे चढवली. पहिल्या मात्रेत एक शीर्ष, दुसरीत दुसरे, देठ तोच. दर वेळी शरीराला ओळखीचे भेटते ते फक्त देठ. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत देठाविरुद्ध टिकाऊ प्रतिसाद मिळाला.

तिसरी वाट अनेक हिमॅग्लुटिनिने एकत्र मांडण्याची. वॉशिंग्टन विद्यापीठात नील किंग यांच्या प्रयोगशाळेने संगणकावर रचलेल्या कणांवर चार वेगवेगळ्या विषाणूंची हिमॅग्लुटिनिने शेजारी शेजारी बसवली. ज्या पेशी त्यांच्यातला समान भाग ओळखतात, त्यांना अशा मांडणीत वरचढ ठरता येते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या स्कॉट हेन्स्ली, ड्रू वाइसमन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आणखी मोठा घास घेतला. ‘ए’ गटाचे अठरा आणि ‘बी’ चे दोन, अशा वीसही हिमॅग्लुटिनिनांचे संदेश त्यांनी एकाच एमआरएनए लसीत भरले. उंदीर आणि फेरेट यांना, लसीत तंतोतंत नसलेल्या विषाणूंनीही मारले नाही. संसर्ग झाला, पण प्राण वाचले. महासाथीच्या पहिल्या महिन्यांत, नेमकी लस तयार होईपर्यंत, एवढेही संरक्षण मिळाले तर लाखोंचे जीव वाचतील.

आणखी एक काम आपल्या घरचे आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवन वरदराजन यांच्या गटाने देठाचा तुकडा अशा तऱ्हेने रचला, की तो ई-कोलाय या साध्या जिवाणूतही नीट घडावा. २०१० आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या तुकड्यांनी उंदरांना वाचवले, २०१४ च्या प्रयोगांत तर निराळ्या विषाणूपासूनही. जिवाणूत वाढवलेले प्रथिन स्वस्त पडते आणि अंड्यांची वाट पाहावी लागत नाही. गरीब देशाच्या लसीचा विचार आराखड्यापासूनच करता येतो, हे त्यात मला विशेष महत्त्वाचे वाटते.

या वाटेवर अपयशेही आहेत आणि ती लपवू नयेत. इस्रायलमध्ये रूथ आर्नॉन यांच्या संशोधनातून निघालेली एम-००१ ही लस विषाणूच्या नऊ छोट्या तुकड्यांची होती. १२ हजारांहून अधिक लोकांवरच्या तिसऱ्या टप्प्यात, २०२० मध्ये, तिने फ्लू कमी केला नाही. विषाणूच्या आतल्या प्रथिनांविरुद्ध टी-पेशी या प्रतिकारक पेशी सज्ज करणारी ऑक्सफर्डची एक लसही मोठ्या चाचणीत कमी पडली. या प्रयत्नांतून एवढे कळले, की संरक्षण एकाच शस्त्रावर उभे राहणार नाही. देठाचे प्रतिपिंड, न्यूरामिनिडेजचे प्रतिपिंड आणि टी-पेशी यांची सांगड घालावी लागेल.

अडचणी आणखी आहेत. देठ अजिबात बदलत नाही असे नाही. एच३ चा देठ एच१ च्या मानाने सहज बदलू शकतो, असे प्रयोगांत दिसले आहे. दुसरी अडचण मोजमापाची. फ्लूची लस चांगली की वाईट हे आजवर ठरते ते १९४१ मध्ये जॉर्ज हर्स्ट यांनी शोधलेल्या तत्त्वावर: प्रतिपिंड विषाणूला तांबड्या पेशींना चिकटण्यापासून रोखतात का? देठाचे प्रतिपिंड चिकटणे रोखतच नाहीत, पुढची पायरी रोखतात. जुन्या कसोटीवर ते नापास होतील. नवे निकष ठरवून औषध नियंत्रकांनी ते मान्य करेपर्यंत परवान्याची वाट बिकटच राहणार. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१८ मध्ये ठेवलेले लक्ष्य असे: किमान ७५ टक्के परिणामकारकता, ‘ए’ च्या दोन्ही घराण्यांवर, किमान एक वर्ष, सर्व वयांत. आज कुठलीही लस त्याच्यापाशी पोहोचलेली नाही.

मग एवढी घाई कशाची, असे कुणी विचारील. उत्तर पक्ष्यांकडे आहे. बर्ड फ्लूच्या एच५एन१ ने माणसांना प्रथम १९९७ मध्ये हाँगकाँगात गाठले: १८ रुग्ण, ६ मृत्यू. २००६ च्या फेब्रुवारीत तो आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कुक्कुटपालन शेडांत सापडला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. कर्ज काढून शेड उभे केलेल्या कुटुंबांचे त्या वर्षी काय झाले, ते त्या भागात जाऊन विचारावे. २०२४ मध्ये हाच विषाणू अमेरिकेतल्या दुभत्या गाईंत शिरला. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने दगावले. २००३ पासून जगभर नोंदल्या गेलेल्या हजाराच्या आसपास मानवी रुग्णांपैकी जवळपास निम्मे मेले. माणसांतून माणसांत तो अजून सहज पसरत नाही. पण पक्षी, गाई, मांजरकुळातले प्राणी अशी एकेक पायरी तो चढतो आहे. त्याने पुढची पायरी चढल्यावर लसीची रचना सुरू करायची, तर १९१८ पासून आपण काय शिकलो?

महाराष्ट्रापाशी या कामासाठी लागणारे जवळपास सगळे आहे. मुंबईत हाफकिन यांनी १८९७ मध्ये प्लेगची लस केली, तेव्हापासूनची परंपरा आहे. पुण्यात एनआयव्ही आहे. मात्रांच्या संख्येने जगातली सर्वांत मोठी लस उत्पादक सिरम इन्स्टिट्यूट पुण्यातच आहे. २००९ च्या साथीनंतर वर्षभरात, रशियात विकसित झालेल्या दुर्बल विषाणूवरून तिने नाकात फवारायची लस बाजारात आणली. पुण्याच्याच जिनोव्हा कंपनीने करोनाकाळात साध्या फ्रिजमध्ये ठेवता येणारी एमआरएनए लस करून दाखवली आणि २०२२ मध्ये तिला आपत्कालीन परवानगी मिळाली. विषाणू ओळखणारे, रेणू रचणारे आणि कोट्यवधी कुप्या भरणारे हात एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरात आहेत. त्यांना सलग, दहा-पंधरा वर्षांचा निधी आणि एकत्र काम करण्याची सक्ती म्हणावी अशी योजना हवी.

दुसऱ्यांच्या भरवशावर राहण्याचे दिवस संपले आहेत, हे २०२५ ने दाखवले. अमेरिकी सरकारने मे महिन्यात संपूर्ण मृत विषाणूवर आधारलेल्या एकाच पद्धतीवर ५० कोटी डॉलर लावायचे ठरवले, आणि ऑगस्टमध्ये एमआरएनए लसींचे २२ प्रकल्प आवरते घेतले. कुठली वाट बरोबर ठरेल हे आज कुणीच सांगू शकत नाही. म्हणूनच एका देशाच्या एका निर्णयाने बाकीच्या वाटा बुजू देता कामा नयेत. करोनाच्या पहिल्या वर्षी श्रीमंत देशांनी मात्रा आधी आपल्यासाठी राखून ठेवल्या, तेही आपण पाहिले आहे.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. जिल्हा रुग्णालयांत दाखल होणाऱ्या तापाच्या आणि न्यूमोनियाच्या रुग्णांचे नमुने वर्षभर नियमित तपासले जावेत, साथ आल्यावर नव्हे. कुक्कुटपालन, वराहपालन, गोठे आणि वन्यप्राणी यांच्यातला फ्लू आणि माणसांतला फ्लू यांची माहिती एकाच ठिकाणी जमावी. जोखमीच्या लोकांना आजची हंगामी लस पावसाळ्याआधी मोफत मिळावी. कारण प्रौढांना लस देण्याची यंत्रणा आज उभी राहिली, तरच उद्याची चांगली लस त्यांच्यापर्यंत पोहोचेल. नव्या लसींच्या मोठ्या चाचण्या आपल्या देशात, आपल्या दोन हंगामांत, आपल्या कुपोषित आणि मधुमेही लोकसंख्येतही व्हाव्यात, आणि त्यांत भाग घेणाऱ्या माणसाला मराठीत, त्याला समजेल अशा भाषेत, सगळे सांगून त्याची संमती घेतली जावी. शेवटी, आपल्या विद्यापीठांतल्या तरुण संशोधकांना कंटाळवाण्या वाटणाऱ्या प्रश्नांवर दीर्घकाळ काम करण्याची मुभा मिळावी. सी१७९ पंधरा वर्षे दुर्लक्षित राहिला. असा विलंब पुन्हा परवडणारा नाही.

देवी पृथ्वीवरून गेली, कारण तिचा विषाणू रूप पालटत नव्हता आणि माणसांनी गावोगाव जाऊन लस पोहोचवली. फ्लू पक्ष्यांत कायम राहणार, तो कधीच नाहीसा होणार नाही. पण त्याला महासाथ होऊ न देणे आणि वाडीवरच्या म्हाताऱ्या माणसाला दर पावसाळ्यात त्याच्या हवाली न करणे, हे आपल्या हातात येऊ लागले आहे. १९१८ मध्ये मुंबईत कोण मेले आणि कोण वाचले, हे गरिबीने ठरवले. पुढच्या वेळी ते गरिबीने ठरू नये, अशी व्यवस्था करायला ज्ञान आहे, कारखाने आहेत, माणसे आहेत. आता निर्णय हवा. तो मागण्याचा अधिकार आपला आहे आणि मागत राहण्याची जबाबदारीही आपलीच.